बाणांचा सवाल-जवाब

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक खटला उभा राहिला आणि त्याचा निकाल देण्याचे काम माझ्याकडे आले. नागपूरचा मे म्हणजे दुपारी बारापासून पाचपर्यंत माणसांनी स्वतःला घरात कोंडून घेण्याचा महिना. कूलर घरघरत असतो, खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात, आणि त्या अर्ध्या काळोखात आमचा नऊ वर्षांचा नातू हातात मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो. एके दुपारी सुनेने तो मोबाइल त्याच्या हातातून काढून माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "आबा, तुम्ही इतकी वर्षं गाण्यावर लिहिता. हा म्हणतो, हे गाण्याचंच आहे. तुम्ही बघा आणि सांगा, ठेवायचं की काढून टाकायचं?"

मी "बघतो" म्हटले ते बरेचसे भिडेखातर. एरवी अशा प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे तयारच असतात. गाणे आहे म्हटल्यावर अर्धे लोक माना डोलावतात. मोबाइल आहे म्हटल्यावर उरलेले अर्धे नाक मुरडतात. दोघांनाही ती वस्तू पाहण्याची गरज वाटत नाही. माझे नाक दुसऱ्या पंथाचे, हे कबूल करून टाकतो. तथापि टीकाकाराने न वाचलेल्या पुस्तकावर लिहू नये हा दंडक मी आयुष्यभर इतरांना ऐकवला आहे. तेव्हा चष्मा पुसला आणि नातवाशेजारी बसलो. पुढले तीन आठवडे आमची दुपारची बैठक त्याच कोपऱ्यात होत असे. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

खेळाचे नाव 'फ्रायडे नाइट फंकिन'. 2020 च्या ऑक्टोबरात, ठराविक मुदतीत खेळ रचून दाखवण्याची जी 'लुडम डेअर' नावाची स्पर्धा भरते तिच्यासाठी, चार हौशी तरुणांनी तो केला. अटीचा विषय होता 'फेऱ्यात अडकलेले'. पुढे 'न्यूग्राउंड्स' या संकेतस्थळावर तो फुकट खेळता येऊ लागला आणि पोरांनी त्याला डोक्यावर घेतले. 2021 मध्ये कर्त्यांनी खेळ पुरा करण्यासाठी 60 हजार डॉलरांची वर्गणी मागितली, तर लोकांनी 20 लाखांहून अधिक दिले. याला यश म्हणायचे नसेल तर त्या शब्दाचा अर्थ तरी बदलावा लागेल.

कथानक आपल्या जुन्या संगीत नाटकांतल्याइतकेच पातळ आहे. एक निळ्या केसांचा पोरगा. त्याचे नाव नुसते 'बॉयफ्रेंड'. त्याची मैत्रीण भल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांवर बसून तालावर मान हलवते. तिच्या बापाला हे पटत नाही. बाप हा एके काळचा रॉक गायक. तो म्हणतो, आधी मला गाण्यात हरवून दाखव. बापानंतर भुतांचे सोंग घेतलेली दोन पोरे, मग पिको नावाचा एक टोळभैरव, मग मुलीची आई, असे एकेक प्रतिस्पर्धी येतात. दर वेळी पद्धत तीच. प्रतिस्पर्धी एक ओळ गातो. त्याबरोबर पडद्यावर डाव्या, उजव्या, वरच्या, खालच्या अशा चार दिशांचे रंगीत बाण सरकत येतात. मग तीच ओळ आपल्या बाजूला येते. आपला बाण खुणेच्या घरात पोहोचला की नेमक्या त्या क्षणी ती कळ दाबायची. दाबली, तर आपला पोरगा गातो. चुकली, तर त्याचा आवाज तेवढ्यापुरता बंद पडतो. खाली दोघांची डोकी असलेली एक पट्टी आहे, रस्सीखेचीच्या दोरासारखी. चुका वाढल्या की ती आपल्यावर ओढली जाते, आणि पुरती ओढली गेली की खेळ संपतो.

आता सुनेच्या प्रश्नाचा पहिला आणि लौकिक भाग. यात मुलांनी पाहू नये असे काही आहे काय? आहे. प्रत्येक कळीला हा खेळ श्रेणी देतो. नेमकी पडली तर 'सिक', म्हणजे इंग्रजीत आजारी. हल्लीची पोरे उत्तमाला तसे म्हणतात, त्याला आपला इलाज नाही. त्याखाली 'गुड', त्याखाली 'बॅड', आणि सर्वांत खाली जो चार अक्षरी इंग्रजी शब्द आहे त्याचा मराठी अर्थ दिवाळी अंकात लिहिण्याचे कारण नाही. नातवाने मला विचारले, "आबा, हे बॅडहून खराब असतं ना?" मी हो म्हटले. व्युत्पत्ती सांगितली नाही. पिको हे पात्र मुळात 1999 च्या एका जुन्या खेळातले आहे, आणि तो खेळ शाळेत झालेल्या गोळीबाराविषयीचा होता. पुढे एक रणगाड्यावरचा सैनिक येतो; त्याच्या तोंडी शिव्या आहेत आणि भोवती गोळ्या सुटतात. कर्त्यांना हे ठाऊक आहे, कारण पर्यायांच्या यादीत त्यांनी 'नॉटीनेस' नावाची एक कळ ठेवली आहे, ती बंद करता येते. पण नऊ वर्षांचे कोणते पोर ती कळ आपण होऊन बंद करील?

एवढे सांगून मी थांबलो असतो तर सुनेने तो खेळ त्याच संध्याकाळी काढून टाकला असता आणि मला हा लेख लिहावा लागला नसता. पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. या गाण्यांना शब्द नाहीत. पात्रे 'बप', 'बीप', 'बो' अशा निरर्थक अक्षरांत गातात. आमच्या तराण्यातल्या 'नोम्-तोम्'चे हे फार दूरचे आणि फार खोडकर भावंड म्हणावे. अर्थाचे ओझे नसल्यामुळे अर्थाची घाणही नाही. उलट, गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाण्याचा प्रसंग आला. पहिली-दुसरीतल्या मुली ओठ रंगवून ज्या चित्रपटगीतावर नाचल्या, त्याचे शब्द त्यांना कळत नव्हते हीच काय ती समाधानाची गोष्ट. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मोबाइलवर चित्रण करीत होते. त्यांतल्या एकालाही हे मुलांना योग्य की अयोग्य असा प्रश्न पडलेला दिसला नाही. शालीनतेच्या तराजूत ते गीत आणि हा खेळ घातला तर पारडे कोणीकडे झुकेल, हे वाचकांनीच ठरवावे.

चित्रपटाला आपल्याकडे 1952 च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. 2023 च्या दुरुस्तीनंतर तर पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पेही पाडले आहेत. अमेरिकेत खेळांना वयाची श्रेणी देणारे मंडळ 1994 पासून आहे, युरोपात 2003 पासून. आपल्याकडे 2025 चा जो कायदा आला तो पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई करणारा आहे. मुलाच्या मनाचे माप त्यात कोणी घेतलेले नाही. त्यात या खेळाची आणखी एक गोम आहे. कर्त्यांनी त्याची आतली जुळणी सर्वांना खुली ठेवली. उदार वृत्ती खरीच. पण परिणाम असा की जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्या शेकडो नकला आणि रूपांतरे केली. काही निर्मळ आहेत, काहींत रक्त आणि भुते आहेत, आणि त्यांना कोणी वाली नाही. आमच्या नातवाच्या हातात जे होते तेही मूळ नव्हतेच. कोणीतरी केलेली मोबाइलवरची नक्कल होती. दर दोन गाण्यांमागे एक जाहिरात, आणि ती बंद करण्याची फुली इतकी बारीक की माझ्या बोटाने ती कधीच सापडली नाही. मूळ खेळ आम्ही नंतर संगणकावर उघडला तेव्हा पोरगा म्हणाला, "अरे, यात तर मध्ये काहीच येत नाही!" त्याला जाहिरात हा खेळाचाच भाग वाटत होता. मला त्या चौथ्या श्रेणीच्या शब्दापेक्षा हे वाक्य अधिक अस्वस्थ करून गेले.

इथवरचे काम कोणीही शहाणा पालक करील. माझ्याकडे खटला आला तो 'गाण्यातला माणूस' म्हणून. तेव्हा खरा प्रश्न पुढचाच आहे. हे गाणे आहे काय? आणि असेल तर ते मुलाला काय देते?

रूपाने पाहू गेले तर हा सवाल-जवाब आहे. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलायची. आमच्या विदर्भाला याची ओळख अमेरिकेकडून करून घेण्याचे कारण नाही. भंडारा-नागपूरकडच्या खडी गंमतीत डफ, चोनका आणि तुणतुणे यांच्या साथीला उभे राहून शाहीर जेव्हा समोरच्या फडाला कोडे घालतो, तेव्हा मध्यरात्री पेंगणारे पोरही डोळे चोळून उठून बसते. कलगीवाले शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. भांडण अध्यात्माचे, पण चुरस पहिलवानांची. लहानपणी असे सामने मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकले आहेत. तेथे जिंकणे म्हणजे काय होते? सवाल जसाच्या तसा परत म्हटला तर लोक हसत. जवाबाने सवालाची चाल धरायची, यमक धरायचे, आणि मग असे काही बोलायचे की सवाल टाकणाराच पेचात पडावा. वाद्यांच्या जुगलबंदीतही तेच. सतारीने टाकलेली तिहाई तबल्याने नुसती उतरवून घेतली तर ती हजेरी झाली. उतरवून घेऊन एक मात्रा पुढे ढकलली तर ते उत्तर झाले.

मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. 'सौंदर्य आणि साहित्य' 1955 मध्ये आले तेव्हापासून त्यांच्यावर पुष्कळ वाद झाले आणि मीही त्या वादांत माझ्या वाट्याची शाई खर्च केली आहे. पण हा बालखेळ पाहताना ती तत्त्वे जितकी स्वच्छ दिसली तितकी ग्रंथ वाचताना दिसली नव्हती. या खेळात संवाद आहे; तो तर पुरेपूर आहे, कारण दुसरी ओळ पहिलीची सावलीच असते. विरोधाचे मात्र फक्त चित्र आहे. दोन तोंडे एकमेकांकडे करून उभी, मध्ये दोराची पट्टी, बाप रागावलेला. गाण्यात विरोध नाही. बाप जे गायला तेच पोराने गायचे, आणि बापाहून वेगळे काही केले की पोरगा हरणार. पहिल्या आवृत्त्यांत तर बाण नसताना कळ दाबली की तीही चूक धरली जाई. म्हणजे मुलाला एखादी जास्तीची मात्रा सुचली, एखादा खटका घालावासा वाटला, तर दंड. उपज हा गुन्हा ठरवणारी मैफल मी तरी दुसरी पाहिली नाही.

संगणकाला उपज कळणार कशी, हा आक्षेप कोणी घेईल. माझ्याही मनात तो आला होता. पण त्याचे उत्तर याच कुळातल्या एका जुन्या खेळाने देऊन ठेवले आहे. 1996 मध्ये जपानात मासाया मात्सुउरा या संगीतकाराने 'पराप्पा द रॅपर' नावाचा खेळ केला. या सगळ्या वंशाचा तो मूळपुरुष. त्यात पराप्पा नावाचे कागदासारखे चपटे कुत्र्याचे पिल्लू आहे, आणि त्याला कराटे शिकवणारा गुरू हा चक्क एक कांदा आहे. गुरू ओळ म्हणतो, शिष्य ती उचलतो. इथवर सारे तेच. पण गुरूने सांगितले तेच बिनचूक म्हणत राहिलात तर श्रेणी मिळते फक्त 'गुड'. त्यावरची 'कूल' ही श्रेणी हवी असेल तर लय न सोडता गुरूच्या ओळीत आपली भर घालावी लागते, बोल दुणावावे लागतात, जागा बदलाव्या लागतात. आणि ते साधले की गुरू रंगमंच सोडून बाजूला होतो. शिष्य एकटाच गातो. ज्याने हे रचले त्याला शिकवणे म्हणजे काय ते कळले होते. पंचवीस वर्षांनंतरच्या या खेळाने त्या वंशाचा चेहरा घेतला, गुण मात्र घेतला नाही.

मधल्या पिढीचेही एक-दोन सांगायला हवेत. 2005 चा 'गिटार हीरो' हार्मोनिक्सने केला. ही मंडळी 1995 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून बाहेर पडलेली. वाद्य न येणाऱ्याला वाजवण्याचा आनंद द्यावा हा त्यांचा हेतू. पाच रंगीत कळांचे प्लॅस्टिकचे गिटार हातात घेऊन कित्येकांनी तो घेतलाही. 2014 च्या 'पियानो टाइल्स'बद्दल मात्र एवढेच म्हणतो की काळ्या फरशीवर बोट टेकले की पुढचा स्वर वाजतो, मग तुम्ही घाई करा की रेंगाळा. म्हणजे तेथे सूर आहे आणि काळ नाही. आपल्याकडच्या मोबाइलवर त्याच्याच नकला अधिक. त्यांच्याशी ताडून पाहता आमचा निळ्या केसांचा पोरगा पुष्कळच वरचा ठरतो, कारण तो निदान लय पाळायला लावतो.

पाळायला लावतो, असे मला वाटत होते. तिसऱ्या आठवड्यात एक प्रकार घडला. कूलरची मोटर जळाली म्हणून मिस्त्री आला होता, त्याच्याशी बोलता यावे म्हणून मी नातवाला आवाज बंद करायला सांगितले. त्याने मुकाट्याने केला आणि खेळत राहिला. मिस्त्री गेल्यावर पाहतो तर गाणे संपले होते, पोरगा जिंकला होता, आणि गुण नेहमीपेक्षा फारसे कमी नव्हते. मी चकित होऊन विचारले, "अरे, ऐकू येत नव्हतं तर खेळलास कसा?" तो म्हणाला, "मला काही फरक नाही पडत, आबा. बाण दिसतात ना."

मग मी उलटा प्रयोग केला. आवाज मोठा ठेवला आणि त्याचे डोळे पंचाने बांधले. गाणे त्याने निदान पन्नास वेळा खेळलेले. चौथ्या ओळीपर्यंत पट्टी पूर्णपणे बापाकडे गेली. पोरगा हिरमुसला, म्हणाला, "हे चीटिंग आहे."

या दोन प्रयोगांत माझ्या परीक्षणाचा गाभा आला. कान काढून घेतला तर जो खेळ चालू राहतो आणि डोळा काढून घेतला तर जो कोसळतो, त्याला संगीताचा खेळ म्हणावे काय? तो चपळ नजरेचा खेळ आहे आणि त्याला पार्श्वसंगीत उत्तम आहे. पार्श्वसंगीत म्हणून त्याची मी मनापासून तारीफ करतो. खालचा ठोका भरदार आहे, चाली जिभेवर राहतात. एक तर मी आंघोळ करताना गुणगुणत होतो असे घरच्यांचे म्हणणे आहे. पण ती चाल पोराच्या कानातून हातात उतरत नाही. ती डोळ्यांतून हातात जाते आणि कान बाजूला बसून करमणूक करून घेतो.

याच्या शेजारी मला राहून राहून आमची भुलाबाई आठवते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर विदर्भात घरोघरी तिची गाणी होत असत. अजूनही काही मोहल्ल्यांत होतात. गाणी झाली की खाऊ ओळखण्याचा कार्यक्रम. झाकण लावलेला डबा घरची बाई कानाशी हलवून दाखवायची आणि मुलींनी आवाजावरून सांगायचे, आत काय आहे ते. शेंगदाणे खडखडतात, मुरमुरे सळसळतात, लाडू धपकन आपटतो, आणि शिरा केला असेल तर काहीच वाजत नाही. ती सर्वांत कठीण परीक्षा. माझ्या बहिणीला डाळ भिजवलेली की कोरडी हे आवाजावरून कळत असे. मी मुलगा असल्यामुळे गाण्यांत नसे. खाऊच्या वेळी मात्र हजर असे, आणि दर वेळी चुकत असे. त्या खेळाला श्रेण्या नव्हत्या आणि त्यात कोणी 'संगीतशिक्षण' पाहिले नव्हते. पण डोळ्याला सुट्टी देऊन कानाला कामाला लावणारा याहून सोपा खेळ मला माहीत नाही.

हे सारे मी नातवाच्या तबल्याच्या गुरुजींना सांगितले. तो दोन वर्षांपासून त्यांच्याकडे जातो. गुरुजी मोठे मिस्किल. पुढल्या शिकवणीला त्यांनी आपल्या हातांसमोर वर्तमानपत्र उभे धरायला मला बसवले आणि तुकडा वाजवून म्हणाले, "आता वाजव." पोरगा अडखळला. कागद बाजूला केला, पुन्हा वाजवला. पोराने गुरुजींच्या बोटांकडे पाहत जसाच्या तसा काढला. मला माझा सिद्धांत हाती लागल्याचा आनंद झाला आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. कारण गुरुजींनी तीच परीक्षा वर्गातल्या आणखी दोघांची घेतली. त्यांतल्या एका मुलीच्या घरी मोबाइल हातात देतच नाहीत. तीही तशीच अडखळली. गुरुजी म्हणाले, "सगळीच पोरं आधी हात पाहतात. कान मागून येतो. यायला वर्षं लागतात." तेव्हा खेळाने कान बिघडवला असा आरोप मी मागे घेतो. तो कान घडवीत नाही, एवढेच म्हणण्याचा मला अधिकार आहे.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली ती खेळाच्या बाजूची. गेल्या वर्षापासून पोराची लय धावत नाही. मुले ठेका धरताना घाई करतात, हा नेहमीचा अनुभव. हा मात्र तीनताल सोळा मात्रांचा सोळाच ठेवतो, आणि नवव्या मात्रेला खालीचा हात बरोबर हलवतो. मात्र रूपकाच्या सात मात्रा आल्या की त्याला एक मात्रा जास्तीची हवीशी वाटते. मी जी गाणी ऐकली ती सारी चार-चारच्या चौकोनात बसवलेली होती. ही त्याचीच खूण असेल काय? असेलही. पण लहान मुलाला रूपक अवघड जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे, म्हणून याचा पुरावा म्हणून उपयोग करीत नाही.

आणि रियाजाचे काय? जो मुलगा एक कायदा दहा वेळा घोटायला सांगितला की पाणी प्यायला उठतो, तोच या खेळात एका ओळीसाठी चाळीस वेळा हरतो आणि चाळीस वेळा पुन्हा बसतो. कोणी रागावत नाही, कोणी शाबासकी देत नाही. या चिकाटीला नावे ठेवणे मला जमणार नाही. मुलाचा कान कोठून काय उचलील हे ठरवणारे आपण कोण, असेही मनात येते. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात आम्ही मैफली ऐकतो त्यावर ज्यांचे नाव आहे ते वसंतराव देशपांडे नागपुरातच वाढले, येथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. आणि पंधराव्या वर्षी, 1935 साली, 'कालियामर्दन' चित्रपटात कृष्ण झाले. बोलपट तेव्हा अगदी नवी चीज होती, आणि सभ्य घरांत तिच्याविषयी काय बोलले जाई ते मी वडिलधाऱ्यांकडून ऐकले आहे. त्यांच्या गळ्याचे त्या चिजेने वाकडे केले नाही. अर्थात त्यांच्या पाठीशी सप्रे होते, हे विसरून चालणार नाही.

निकाल लिहून झाला होता. खेळ मुलांना अपायकारक म्हणता येत नाही, संगीत म्हणून तो पोकळ आहे, नऊ वर्षांच्या मुलाला तो मोबाइलवरच्या नकलेत देऊ नये, मूळ खेळ 'नॉटीनेस'ची कळ बंद करून बैठकीच्या खोलीतल्या संगणकावर दिवसाकाठी अर्धा तास द्यावा, असे मी सुनेला सांगणार होतो. त्या रात्री जेवताना नातवाने ताटाच्या कडेवर चमच्याने बापाची ती ओळ वाजवली आणि तोंडाने 'बप-बीप' करून माझ्याकडे पाहिले. म्हणजे सवाल टाकला. मी जवळजवळ सत्तर वर्षांचा माणूस. पण सतरंजीच्या कडेला बसून ऐकलेले विसरलो नव्हतो. मी तीच ओळ पेल्यावर वाजवली आणि शेवटची मात्रा गाळली. तो क्षणभर थांबला. त्याच्या खेळात असे कधी होत नाही. तेथे रिकाम्या जागेचा बाण नसतो. मग त्याने ती गाळलेली मात्रा आपल्या ओळीच्या सुरुवातीला घेतली आणि पुढले सगळे एकेक घर सरकवून वाजवले.

सून म्हणाली, "ताटं वाजवू नका, अपशकुन असतो." आम्ही थांबलो.

निकाल मी बदलला नाही. मोबाइलवरची नक्कल दुसऱ्या दिवशी काढून टाकली आणि त्याबद्दल दोन दिवस अबोला सोसला. मूळ खेळ संगणकावर आहे. त्याला फक्त एक पोटकलम जोडले. अर्धा तास खेळून झाला की त्यातली कोणतीही एक ओळ माझ्यासमोर, पडदा बंद करून, तोंडाने म्हणायची. आणि मी जे उत्तर देईन त्याला उत्तर द्यायचे. पहिल्या आठवड्यात त्याने हे शिक्षेसारखे केले. आता कधी कधी खेळ न खेळताच तो येऊन सवाल टाकतो, आणि मी वर्तमानपत्र वाचत असलो तर म्हणतो, "आबा, तुमची पट्टी खाली गेली."